गाडी दारावरून जाते

“थांबती का, आसं त्यानी इचारलंच न्हाई — मंग आपुन हून कशाला सांगायचं?” — हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं, काका. आमच्या सासूबाई शेजारच्या भागूबाईंना सांगत होत्या, गोठ्याच्या मागं, आणि मी गोठ्याच्या पुढं, मध्ये एक म्हैस आणि कुडाची भिंत. तुम्ही आत्ता विचारलंत ना, पाच दहाची गाडी वेळेवर येते का, म्हणून आठवलं. येते. वेळेवर येते. तुम्ही — अहो, त्या पाटीला टेकू नका, रंग ओला आहे! लागला? बघू — नाही, थोडक्यात वाचलात. कालच दिलाय. पिवळ्यावर काळी अक्षरं, ‘कवठमळा’, तीन भाषांत. काल का दिला? तुम्ही येणार होतात म्हणून. बसा ना. चहा घ्या आधी, गार होईल. आत्यांनी मुद्दाम पाठवलाय — सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा — ‘पाव्हणं स्टेशन बघाया गेल्यात, चहा नेऊन दे, अन् लई येळ थांबू नको’ असं म्हणाल्या. थांबू नको! या फलाटावर काहीच थांबत नाही, मी तरी कशी थांबणार.

नाही, मी एवढं बोलत नाही एरवी. विचारा कोणालाही. लग्नाला तीन महिने होतील आता, तीन महिन्यांत मी ‘हो’, ‘आणते’ आणि ‘झालं’ या तीन शब्दांवर भागवलंय. नाव माझं सत्यशीला. पहिल्याच आठवड्यात आत्या म्हणाल्या, एवढं मोठं नाव घेस्तोवर दूध उतू जातं, आपली शीला बरी. म्हणजे नावातलं सत्य तेवढं गेलं — त्यावरही मी काही बोलले नाही. कामच तसं माझं. नगरला लॅबमध्ये आहे मी, रक्त काढते लोकांचं. शीर सापडेपर्यंत बोलायचं नाही, बोट फिरवत राहायचं, आणि सापडली की टोचायचं. सहा वर्षं झाली. आहे म्हणायचं की होते म्हणायचं, ते अजून ठरायचंय — एक तारखेपर्यंत कळवा म्हणाल्यात डॉक्टरबाई, नाहीतर त्या दुसरी मुलगी ठेवणार. त्यांचंही बरोबर आहे. सकाळी साडेसातला माणसं उपाशीपोटी येऊन बसतात, त्यात शुगरवाली म्हातारी माणसं, त्यांना ‘थांबा, आमच्या सत्यशीलाची गाडी यायचीय’ असं कसं सांगणार?

तुमच्या मोनिकाचं अजून दीड वर्ष राहिलंय ना? फार्मसीचं, नगरलाच. मगाशी आत तुम्ही मामांना विचारलंत, ‘पोरीच्या जाण्यायेण्याचं कसं?’ — मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत होते. मामा म्हणाले, ‘त्याची काय काळजी? गाडी दारावरनं जाती.’ माझा हात एकाच बशीवर फिरत राहिला, काका. म्हणून तर तुमच्या एकट्याच्याच बशीत एवढं खोबरं होतं. तुम्ही म्हणालात, ‘मग बघूनच येतो स्टेशन.’ माझे मिस्टर चेतन मोबाईल बघायला लागले. अंगदभाऊजी, म्हणजे तुमचे होणारे जावई, ते तर पंख्याकडेच बघत बसले. वाईट नाहीत हो ते, स्वभावानं चांगले आहेत. या घरात स्वभावानं सगळेच चांगले आहेत, अडचण ती नाहीये.

कशाला बघताय तिकडे? तिकीट-खिडकी? आहे ना. होती. दगडाचं बांधकाम आहे, साहेबाच्या काळातलं म्हणतात. खिडकीच्या आत आता आमच्या गव्हाच्या कोठ्या आहेत. मामांनी एकोणीस वर्षं त्या खिडकीतून तिकिटं विकली — हॉल्ट होता हा, छोटा, रेल्वेचा पगारी माणूस नसतो असल्या ठिकाणी, गावातलाच एक जण कमिशनवर बसतो. मामा बसायचे. मग डबल लाईन आली. इथं वळण आहे, दिसतंय ना, त्या कडुनिंबापासून कसा रूळ वाकलाय. लांब गाडी इथं उभी राहत नाही नीट, म्हणून पुढं सपाटीला नवं स्टेशन बांधलं. साडेचार किलोमीटर. नाला ओलांडून. दोन वर्षं झाली त्याला. ते स्टेशन बघून या एकदा, खरंच बघण्यासारखं आहे. उंच फलाट, जाळीचे बाक, पाण्याला स्टीलचे नळ, वर पायऱ्यांचा पूल, रात्रभर दिवे. फक्त आजूबाजूला माणूस नाही. रिक्षा नाही, टपरी नाही, नाल्यापासून पुढं धड रस्ता नाही. आणि जमीन आमच्या गावची नाही, पलीकडच्या वाडीची, पण पाटीवर नाव आमचंच, कवठमळा. तिथल्या बायका चिडवतात, ‘नाव तुमचं अन् माती आमची.’ लग्नच लागलं म्हणा त्या स्टेशनचं. फक्त आम्ही बायका नाव माहेरी ठेवून येतो, ते नाव बरोबर घेऊन गेलं. हे मागं राहिलंय ते नुसतं अंग.

हसलात? हसा. मीही हसते कधीकधी, एकटी असले की.

म्हणजे — आता तुमच्या लक्षात येतंय, नाही का? नाही, येऊ द्या सावकाश. मला यायला लग्न व्हावं लागलं. सांगते. माझी अटच ती होती. एकच अट. मला सोनं नको, मोठा हॉल नको, माझी नोकरी सुटता कामा नये आणि मला साडेसातला पोचायचं असतं. या अटीवर किती स्थळं परत गेली! कोणी म्हणे, आमच्याकडं सुना नोकरी करत नाहीत, कोणी म्हणे, कर ना, पण सकाळचं दूध-पाणी उरकून साडेदहाला जा. सत्ताविसावं लागलं मला. मग हे आलं. मध्यस्थ म्हणाले, घर अगदी स्टेशनला लागून, गाडी दारावरून जाते. मामा म्हणाले, गाडी दारावरनं जाती. चेतनला मी एकटीनं विचारलं, आमच्या गच्चीवर, दहा मिनिटं दिली होती आम्हाला बोलायला — त्यातली सात आम्ही टाकीकडे बघत काढली — मी म्हटलं, मला सकाळी साडेसातला नगरमध्ये असावं लागतं. ते म्हणाले, ‘काही प्रॉब्लेम नाही, गाडी दारावरूनच जाते.’ आणि आप्पा — माझे वडील — घर बघून आले ना इथून, तेही चपला काढता काढता म्हणाले, ‘गाडी दारावरून जाते गं बाळा.’ सगळ्यांनी एकच क्रियापद वापरलं. जाते. येते नाही, थांबते नाही, मिळते नाही. आणि मी काय ऐकलं? मी ऐकलं, थांबते. जी गाडी दारावरून जाते ती दारात थांबत असेल, एवढं माणूस आपल्या पदरचं घालतोच की. तुम्हीही मगाशी घातलंत.

लग्नानंतर आठव्या दिवशी रजा संपली. तोवर पूजा, देवदर्शन, माणसांची गर्दी, फलाटाकडे मी फिरकलेही नव्हते. पहाटे उठून डबा केला, चेतनला म्हटलं जाते मी, ते झोपेत ‘हं’ म्हणाले — बघा, जाते मी, माझंही क्रियापद तेच — आणि सहा पस्तीसला इथं येऊन उभी राहिले. याच बाकाजवळ. हातात हिरवा चुडा कोपरापर्यंत, खांद्याला पर्स, पास काढायला फोटोसुद्धा घेतला होता. मला वाटलं, कोणी नाही कसं? मग वाटलं, लहान गाव आहे, आज मी एकटीच असेन. गाडी आली. दिवा दिसला, कर्णा वाजला, मी पदर खोचला, पुढं झाले — आणि ती जशी आली तशी गेली, काका. समोरून डबे, डबे, डबे, खिडकीतली माणसं माझ्याकडे बघतायत, एका लहान मुलीनं हात हलवला, आणि मीसुद्धा — काय वेडेपणा — मीसुद्धा हात हलवला. मग सगळं शांत झालं, नुसती धूळ. आणि तिकडं, त्या भिंतीला गोवऱ्या थापत भागूबाई उभ्या. म्हणाल्या, ‘आगं पोरी, ती न्हाई थांबत हितं. दोन वर्सं झाली. तुला कोनी सांगितलं न्हाई व्हय?’

त्याच दुपारी भागूबाई आत्यांना बोलल्या, गोठ्यामागं. चांगलं खडसावलं त्यांनी — ‘चांगुने, लेकराला फशिवलंस तू.’ आणि आत्यांनी ते उत्तर दिलं, मगाशी सांगितलं ते. थांबती का, असं त्यांनी इचारलंच न्हाई. मी वैरण टाकत होते. टाकत राहिले. शांतपणे म्हणाल्या हो त्या, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा. मला वाटतं त्याचंच जास्त लागलं. चोरून कुजबुजल्या असत्या तर निदान चूक केलीय असं तरी दिसलं असतं.

चेतन? संध्याकाळी म्हणाले, ‘एवढं काय त्यात, मी सोडत जाईन ना गाडीवर.’ गाडी म्हणजे मोटरसायकल. म्हणजे गाडी दारावरून जाते, हे तसंही खरंच. एकोणीस दिवस सोडलं त्यांनी. नाल्यातल्या दगडांवरून, अंधारात, नव्या स्टेशनवर. विसाव्या दिवशी त्यांची शिफ्ट बदलली. मग मी चार दिवस चालत गेले, पाच वाजता निघून. चौथ्या दिवशी कुत्री मागं लागली, चप्पल नाल्यात राहिली, आणि आत्यांनी घरात असं काही सांगितलं की जणू मी कुत्र्यांना बोलावूनच नेलं होतं. तेव्हापासून घरात आहे. कुरडया घालते. या बघा, आज अख्ख्या फलाटावर माझ्याच कुरडया. जागा मात्र उत्तम, सकाळपासून ऊन. गावातल्या सगळ्या बायकांचं वाळवण इथंच असतं, फक्त पाच दहाच्या आत जुन्या साड्यांनी झाकायचं आणि कडेला विटा ठेवायच्या, नाहीतर गाडीची धूळ बसते, कुरडई तळली की दाताखाली कचकच. म्हणून इथं गाडीची वेळ आम्हा बायकांना तोंडपाठ. जायचं कोणालाच नसतं.

मामांचं म्हणाल तर — मामांचा राग येत नाही मला, येतो पण धरून राहत नाही. ते रोज फलाट झाडतात. अजून. गाडी जाताना ओट्यावर उभे राहून हात वर करतात, जुने ड्रायव्हर ओळखतात, कर्णा वाजवतात त्यांच्यासाठी. नव्या स्टेशनला ते एकदाही गेले नाहीत म्हणतात, उद्घाटनालाही नाही. त्यांच्या मनानं हेच स्टेशन आहे, फक्त गाड्यांनी थांबायचं सोडलंय. पाटी दर दिवाळीला रंगवतात. दिवाळीला, आणि पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी. आमच्या वेळीही रंगवली होती. आप्पा घर बघून आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला पिवळा डाग होता, हा एवढा. मीच धुतला तो सदरा. रॉकेल लावलं, लिंबू लावलं, डाग गेला नाही, पण मला त्याचाही आनंद, वेडीला! म्हटलं, सासरच्या स्टेशनचा रंग आहे. आणि खिशात तिकीट सापडलं, घडी घातलेलं, ‘अहमदनगर ते कवठमळा’, ते मी इस्त्रीखाली सरळ करून डायरीत ठेवलं, म्हटलं, या गावाचं आपल्या घरातलं पहिलं तिकीट —

थांबा.

नाही, काही नाही. चहा घ्या तुम्ही. थांबा जरा.

आप्पांच्या खिशात तिकीट होतं. म्हणजे आप्पा गाडीनं आले होते. एस.टी.नं नाही. गाडीनं आले, म्हणजे उतरले. उतरले म्हणजे — कुठं उतरले?

तिकीट माझ्याच डायरीत आहे हो. वर कपाटात. तीन महिने माझ्याच डायरीत, माझ्याच साड्यांखाली. आणि मी आत्यांवर दात धरून बसले होते, चेतनशी धड बोलत नव्हते. आप्पा नव्या स्टेशनवर उतरले असणार. तो पूल चढून आले असतील, गुडघे दुखतात त्यांचे, मध्ये एकदा टेकले असतील. खाली मामा मोटरसायकल घेऊन — नाही, मामा तिथं जात नाहीत, चेतनच गेले असतील न्यायला. नाल्यातून मागं बसून आले असतील आप्पा, दगडावर गाडी उडाली असेल तेव्हा चेतनच्या खांद्याला धरलं असेल. साडेचार किलोमीटर. मग इथं आले, पाटीला हात लावला, रंग लागला, आणि घरी येऊन, चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, गाडी दारावरून जाते गं बाळा. बघितलं नव्हतं त्यांनी माझ्याकडे. मला वाटलं, दमलेत.

विचारलंच नाही म्हणे. अहो, ज्याला माहीत आहे तो कशाला विचारेल? आत्यांना वाटत असेल आपणच मोठ्या हुशार. आप्पा त्यांच्यापेक्षा हुशार निघाले, त्यांनी न विचारता घेतलं. सत्ताविसावं लागलं होतं मला, धाकटी मागं उभी होती, आता हेही परत जातंय असं वाटलं असेल. समजतं मला. समजतं म्हणून कमी लागतं असं थोडंच आहे? सासरच्यांनी फसवलं तर माणूस माहेरी जाऊन सांगतं. आता मी कोणाला सांगू? म्हणून तुम्हाला सांगतेय — तुमची माझी ओळख किती, तर एक बशी पोहे.

अहो, कोणाचे डोळे ओले? ऊन आहे समोरून. तो टोकाचा पदर धरा जरा, झाकायला पाहिजे आता, पाच वाजून गेले. हां, तशी, आणि वीट ठेवा त्यावर. ऐकलंत? रुळाला कान लावायची गरज नाही, कडुनिंबावरचे कावळे आधी उठतात. ती बघा. नाही, उभे राहू नका, काका, बसा. माहीत आहे तुम्हाला आता, तरी उठलात. मीही उठते रोज. पाय ऐकत नाहीत. मागं या, वारा ओढतो — डोळे मिटा —

गेली.

बघितलंत? मामांनी हात वर केला ओट्यावरून. कर्णा वाजला, तो त्यांच्यासाठी. एक साडी उडाली बघा, तेवढ्या चार कुरडयांवर धूळ बसली, जाऊ दे, त्या मी पाहुण्यांना तळणार नाही.

आता ऐका. तुम्ही जीपनं आलात, जीपनं जाल, नाल्याकडं वळायचं काही कारण नाही तुम्हाला. घरी गेलात की मोनिका दारात येईल. चपला काढायच्या आधीच विचारेल, स्टेशन खरंच जवळ आहे का हो, म्हणून. त्या वेळी कोणतं क्रियापद वापरायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मुलगा चांगला आहे. घर खाऊनपिऊन सुखी आहे. म्हशीसुद्धा गरीब आहेत. तिला सगळं सांगा, नाल्यासकट, आणि मग ती हो म्हणाली तर येऊ दे, मी आहे इथं, दोघी मिळून नाला ओलांडू, कुत्र्यांचंही बघू. पण तिच्याकडे बघून सांगा. एवढंच. चपला नंतर काढा.

कप द्या इकडे. आणि तुम्ही जा आता, पुढं व्हा — नाही, जा, मला हे गोळा करायचंय. आत्या ओट्यावर आल्यात, मामाही वळलेत, चेतन दारात. हाक ऐकलीत? ‘शीले, एवढं काय बोलत बसलीस गं पाव्हन्यांशी? काय इचारतेत ते?’ — तुम्ही काही बोलू नका. तुम्ही मध्ये पडू नका, काका, हे माझं आहे. तीन महिने आवाज काढला नाही, लांब जातो की नाही तेही माहीत नाही मला.

“त्यांनी काही विचारलं नाही, आत्या! मीच हून सांगितलं — गाडी थांबत नाही!”